मांडणी आणि सांभाळ

कलेचे प्रदर्शन भरविणे ही गोष्ट आपल्या चळवळीने आजवर दुय्यम मानली आहे. सभा, परिषदा, मोर्चे, साहित्य संमेलने यांवर आपण पुष्कळ बोललो, पुष्कळ लिहिले. परंतु एखाद्या वस्तीने आपल्याच चित्रांची, वाद्यांची, हत्यारांची, जुन्या छायाचित्रांची मांडणी स्वतः करावी म्हणजे नेमके काय करावे, आणि त्यातून त्या वस्तीतल्या माणसांच्या पदरात काय पडावे, याचा विचार फारसा झालेला नाही. हा विषय चित्रकारांचा आणि संग्रहालयवाल्यांचा, असे आपण गृहीत धरले. मला ते चूक वाटते. मांडणी करणारा माणूस दोन निर्णय घेत असतो. कोणती वस्तू लोकांपुढे आणायची हा पहिला, आणि त्या वस्तूमागे उभ्या असलेल्या माणसाशी आपले नाते काय राहील हा दुसरा. पहिल्या निर्णयाची चर्चा कलासमीक्षेत सतत होते. दुसऱ्याची जवळजवळ होतच नाही. प्रस्तुत लेख मुख्यतः या दुसऱ्या निर्णयाविषयी आहे. वस्तूचा सांभाळ आणि माणसाचा सांभाळ यांची फारकत झाली की मांडणी कितीही देखणी असो, ती जुन्या व्यवस्थेचीच चाकरी करते, असे मला म्हणावयाचे आहे. आणि ही फारकत टाळण्याचा मार्ग एकच दिसतो, तो म्हणजे निर्णय आणि किल्ली ज्यांच्या वस्तू त्यांच्याच हाती असणे.

इंग्रजीतील ‘क्युरेटर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘क्यूरा’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ काळजी, सांभाळ. आपल्याकडे सरकारी संग्रहालयांत या पदाला ‘अभिरक्षक’ म्हणतात. राखण करणारा तो अभिरक्षक. गंमत अशी की गावगाड्यात याच अर्थाचा एक साधा शब्द पूर्वीपासून होता : वेसकर. महाराने वेस राखली, शिवेच्या वादात साक्ष दिली, सरकारी वसूल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप पोचविला, मेलेले जनावर ओढून नेले. गावातील मोलाच्या वस्तूंची राखण त्याच्याकडे, आणि त्यांपैकी एकीवरही त्याचा अधिकार नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. चाळीस वर्षांचे हे अंतर कोल्हापूरविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

वतनातली ती राखण सक्तीची होती आणि एकतर्फी होती. सांभाळाच्या बदल्यात सांभाळ मिळत नव्हता, भाकरतुकडा मिळत होता. म्हणूनच ‘जतन’, ‘वारसा’, ‘परंपरा’ हे शब्द कानी पडले की दलित माणूस सावध होतो, आणि त्याने सावध व्हावे हे योग्यच आहे. दुसऱ्याचे राखण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांचे काय राखावयाचे आणि ते कोणी राखावयाचे, हा प्रश्न गावगाड्याला कधी पडलाच नाही.

हा प्रश्न कोल्हापुरात विचारणे अधिक अर्थपूर्ण आहे. हे शहर स्वतःला ‘कलापूर’ म्हणवून घेते आणि ते खोटे नाही. आबालाल रहमान यांची निसर्गचित्रे, बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, दळवींची कलासंस्था, कलानिकेतन अशी परंपरा येथे आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननातील वस्तू आहेत. समुद्र ओलांडून आलेल्या ग्रीक समुद्रदेवतेची इवलीशी मूर्ती ब्रह्मपुरीतच सापडली. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात शस्त्रे आहेत, शिकार केलेली आणि पेंढा भरून ठेवलेली जनावरे आहेत. हे सारे पाहण्यासारखे आहे. परंतु जगभरच्या राजवाड्यांच्या संग्रहालयांची एक रीत असते. खोगिराखालच्या चिठ्ठीवर ज्याने त्यावर मांड टाकली त्याचे नाव येते; कातडे कोणी कमावले, टाका कोणी घातला, हे लिहिण्याची पद्धत नाही. वाघ मारणाऱ्याचे नाव लिहितात, हाकाऱ्यांची नावे कोण लिहिणार?

याच शहरात मांडणीची दुसरी एक परंपराही आहे. तिला कोणी कलेच्या इतिहासात घेत नाही. गंगाराम कांबळे यांची हकिगत वाचकांना ठाऊक असेल. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असलेल्या या माणसाला सवर्णांच्या हौदातील पाण्याला शिवल्याबद्दल बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढावयास सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल काढले, आणि महाराज तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावू लागले. ही गोष्ट बहुधा येथेच संपविली जाते. तिचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराज १९२२ साली वारले. त्यांचे स्मारक उभारण्यासाठी आरंभीच्या काळात पुढे आला तो हाच गंगाराम आणि त्याचा समाज. ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा दगड बसविण्याची ऐपत नव्हती त्यांनी एका राजाची आठवण जपण्याची जबाबदारी घेतली. ही वतनातली राखण नव्हती. कोणी सांगितले म्हणून ती केली नाही. चहाच्या कपाचे ते उत्तर होते.

याच परस्परतेची पुढची पायरी बिंदू चौकात दिसते. ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे शेजारी शेजारी उभे राहिले. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. संविधान अंमलात येऊन वर्षही झाले नव्हते आणि धर्मांतर सहा वर्षे दूर होते. या कामी पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा. ते सत्यशोधक घराण्यातले, प्रजा परिषदेचे पुढारी आणि शिक्षणाने चित्रकार. हा शेवटचा तपशील मी मुद्दाम सांगतो. कोणता चेहरा कोठे, कोणाच्या शेजारी, कोणत्या उंचीवर ठेवला म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात काय घडते, याची जाण चित्रकाराला असते. देवळाच्या वाटेवर किंवा राजवाड्याच्या आवारात जागा शोधण्याऐवजी जेथे सामान्य माणसे सभेला जमतात तो चौक निवडणे, आणि फुले व आंबेडकर यांना एकाच नजरेत बसविणे, ही निवड म्हणजे एक विचार होता. पुष्कळ पुस्तके लिहून जे सांगावे लागले असते ते या दोन पुतळ्यांच्या शेजाराने सांगितले.

येथे कोणी विचारील की बागल तर दलित नव्हते, मग याला समाजाने केलेली मांडणी कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. पुढाकार कोणाच्या घरातून आला एवढ्यावर उत्तर ठरत नाही, असे माझे मत आहे. पुतळा बसविणे हे एका दिवसाचे काम. त्याचा सांभाळ हे पुढच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला तेथे जे जमतात, हार आणतात, मोर्चाची सुरुवात तेथून करतात, पुतळ्यांचा मान राखला जातो की नाही याकडे ज्यांचे रोजचे लक्ष असते, त्यांनी तो चौक आपला केला. मांडणी कोणाची हे शेवटी सांभाळणाऱ्यावरून ठरते. गंगारामांनी मराठा राजाचे स्मारक मनावर घेतले, मराठा चित्रकाराने बाबासाहेबांचा पुतळा मनावर घेतला. वर्गणी, जागा, परवानगी, विरोध या साऱ्यांतून वाट काढताना माणसे एकमेकांना बांधली जातात, आणि ती बांधली जाणे हीच अशा कामाची खरी कमाई असते. दसरा चौकाच्या आसपासची वेगवेगळ्या जातींची वसतिगृहे, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग, ही या शहराची सर्वांत मोठी कलाकृती आहे असे मी कधी कधी म्हणतो तेव्हा चित्रकार मित्र रागावतात. पण पोर जेवले, शिकले, मग त्याने चित्र काढले किंवा कविता लिहिली. हा क्रम उलटा करता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. कोल्हापूरपासून हे गाव फार दूर नाही. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात त्यांचे निधन झाले तेव्हा वय पन्नाशीलाही पोचले नव्हते, आणि ती शेवटची वर्षे दारिद्र्याची आणि एकाकीपणाची होती. आज त्यांचे चित्र गावोगावच्या फलकावर आहे. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. विठाबाई नारायणगावकरांचे तेच झाले. राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेल्या या तमाशा कलावतीच्या अखेरच्या आजारात दवाखान्याचे बिल भागविण्यासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. २००२ साली त्या गेल्या, आणि काही वर्षांतच शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चित्र सांभाळले जाते, माणूस सांभाळला जात नाही. याचा सगळा दोष शासनावर टाकून आपण मोकळे होऊ नये. जयंतीच्या मंडपाला, ध्वनिवर्धकाच्या भिंतीला वर्गणी गोळा होते आणि त्याच गल्लीत म्हातारा जलसाकार औषधावाचून पडलेला असतो, हे आपल्याही वस्त्यांत घडते.

कोल्हापुरी पायताणाचे उदाहरण याहून बोलके आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात चालणाऱ्यांच्या पायांत कोल्हापुरी वळणाची पायताणे होती. त्यांच्या मुळाचा उल्लेख त्या वेळी कोठेही नव्हता. येथे ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे जाहीर झाले. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. या पायताणाला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते आहे. म्हणजे कागद तयार होता. तरीही नाव गळलेच.

या प्रकरणात ‘आपल्या संस्कृतीची चोरी झाली’ असे जे बोलले गेले त्यातील ‘आपल्या’ या शब्दाशी मला थोडे थांबावेसे वाटते. हे पायताण कोणाचे? जनावर ओढले महाराने. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात भिजवून दिवसेंदिवस कमावले ते ढोराने, आणि त्या वासाबद्दल गावाने त्याला गावाबाहेर ठेवले. तळ कापला, कान बसविला, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीने शिवला तो चांभाराने. वेणी घातली ती घरातल्या बाईने, आणि ‘कारागीर’ म्हणून तिचे नाव क्वचितच कोणत्या कागदावर आले. या साऱ्यांना शतकानुशतके शिवू न देणारा समाज मिलानच्या बातमीने एकदम ‘आपली परंपरा’ म्हणू लागला. जवाहरनगर, सुभाषनगर येथील घरांत जाऊन पाहावे. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा झाल्यानंतर बैलाचे कातडे मिळेनासे झाले, भाव चढले, आणि पोरे धंदा सोडू लागली. तेव्हा परंपरेचे हे नवे वारसदार कोठे होते?

पण प्रश्न एवढ्यावर सुटत नाही, कारण वस्तीच्या आतही मतभेद आहेत, आणि माझ्या मते ते या विषयाचे हृदय आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले. धर्मांतरानंतर अनेक गावांत बौद्धांनी हलगी टाकली. सणाला, मिरवणुकीला वाजवावयास जाणार नाही म्हणून मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ज्या बापाने हलगी फोडून टाकली त्याच्या नातवाने आज ती ‘लोकवाद्य’ म्हणून भिंतीवर लावावी काय? दुसरीकडे, खासबागच्या मैदानात कुस्ती चढते ती हलगीच्या ठेक्यावर. ती वाजविणारा मातंग कलावंत म्हणतो, माझ्या हातातली ही कला आहे, तिची लाज मी का बाळगू? लाज वाटावयाची तर मला मंडपाबाहेर जेवायला बसविणाऱ्याला वाटावी. दोघांचेही खरे आहे. बाहेरून आलेला जाणकार हा पेच पाहू शकत नाही. तो हलगीचा गोल आकार पाहतो, कातड्याचा पोत पाहतो, चांगला प्रकाश सोडतो आणि चिठ्ठीवर ‘महाराष्ट्राचे पारंपरिक तालवाद्य’ असे लिहून मोकळा होतो. त्या तीन शब्दांत फोडलेली हलगीही गडप होते आणि वाजविणाऱ्याचा अभिमानही. ज्यांची ती हलगी, त्यांनीच बसून, भांडून, तिच्याखाली काय लिहावयाचे ते ठरवावे लागते. कधी असेही ठरेल की हलगी मांडावयाचीच नाही. तोही मांडणीचाच निर्णय असतो, आणि त्याचा मान राखला पाहिजे.

आपल्या पँथरने जेथून नाव घेतले त्या अमेरिकेतील काळ्या समाजापुढे हाच प्रश्न याच रूपात उभा राहिला होता. १९६९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन या प्रचंड संग्रहालयाने हार्लेम या काळ्या वस्तीवर प्रदर्शन भरविले. भिंतीभर मोठमोठी छायाचित्रे होती; पण हार्लेममधील काळ्या चित्रकारांचे एकही चित्र त्यात नव्हते. चित्रकार दाराबाहेर फलक घेऊन उभे राहिले. वस्ती हा पाहण्याचा विषय झाली आणि वस्तीतील पाहणारा डोळा वगळला गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, वॉशिंग्टन शहरातील अॅनाकोस्टिया या गरीब काळ्या वस्तीत एका बंद पडलेल्या सिनेमाघरात एक छोटे संग्रहालय सुरू झाले. जॉन किनार्ड हे त्याचे संचालक. वस्तीतील मुलांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा उंदरांचा विषय निघे. रात्री उंदीर चावत. तेव्हा १९६९ साली तेथे उंदरांवरच प्रदर्शन झाले. उंदीर कोठून येतात, कोणते रोग पसरवितात, कचरा कोणी उचलावयाचा आणि उचलला जात नसेल तर काय करावयाचे, हे सारे त्यात होते. जिवंत उंदीरसुद्धा होते. कला कोठे आहे यात, असे विचारणाऱ्यांना त्या वस्तीतील आयांनी काय उत्तर दिले असते याची कल्पना वाचकांनी करावी. दोन्ही प्रदर्शने एकाच देशातली, एकाच वर्षातली. एकात वस्ती दाखविली गेली, दुसऱ्यात वस्ती सांभाळली गेली.

आपल्याकडेही अशी कामे झाली आहेत, फक्त त्यांना कोणी हे नाव दिले नाही. बाबासाहेबांचे कपडे, त्यांच्या वापरातील वस्तू नानकचंद रत्तू यांच्याकडून वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात राहिल्या. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी आपली नोकरी सांभाळून बाबासाहेबांची छायाचित्रे आणि पत्रे आयुष्यभर गोळा केली. अलीकडच्या चित्रकारांत कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्रभाकर कांबळे यांचे नाव घ्यावे लागेल. घरातील मडक्यांच्या उतरंडीतून त्यांनी जातीची उतरंड उभी केली, २०२२ च्या बर्लिन येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे काम होते, आणि इतरांच्या कामाची मांडणी करणे हाही ते आपल्या कामाचाच भाग मानतात. बर्लिनला काम पोचणे चांगलेच. पण बर्लिनच्या भिंतीला जवाहरनगरची ओल लागलेली नसते. तेथे जे काही घडावयाचे ते तेथल्या नियमांनी घडते, म्हणून वस्तीतल्या तीन दिवसांच्या साध्या प्रदर्शनाचा विचार वेगळा करावा लागतो.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी असे प्रदर्शन मनावर घेतले तर आरंभ वस्तूंपासून करू नये. आरंभ म्हाताऱ्या माणसांपासून करावा. कोणाच्या घरी कोणती पेटी आहे हे वस्तीतील आजीला ठाऊक असते. पेटी उघडताना ती समोर असावी आणि तिचे बोलणे कोणीतरी उतरून घ्यावे. परिषदेला, मोर्चाला, धम्मदीक्षेला गेलेल्यांच्या छायाचित्रांत मागच्या रांगेत उभी असलेली बाई कोण, हे सांगणारी ती शेवटची असू शकते. नाव मिळाले की ते छायाचित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईच्या लेखणीने लिहू नये, ती पुढे उमटते. मूळ छायाचित्र भिंतीला लावण्याची गरज नसते. मोबाईलवर त्याची नीट प्रत घ्यावी, ती छापून लावावी आणि मूळ त्याच दिवशी पेटीत परत जावे. प्लॅस्टिकमध्ये पक्के मढवून देण्याची हौस पुष्कळ दिसते; ती टाळावी. तसे मढविलेले चित्र पुन्हा सोडविता येत नाही. कसर लागलेल्या कापडाला वाळलेला कडुलिंब आणि सावलीतली हवा पुरते, कडक ऊन नको.

कोणी वस्तू देण्यास नकार दिला तर कारण विचारू नये. तमाशातील बाईचे घुंगरू असेल, वाघ्यामुरळीची वारी असेल, पोतराजाचा कोरडा असेल. त्याच्यामागे लेकीच्या सोयरिकीची चिंता असू शकते. दिली तर चिठ्ठीवर काय लिहावयाचे ते देणाऱ्याने सांगावे. शुद्धलेखन आपण तपासावे, अर्थ तपासू नये. शिक्षकमंडळींना हे जड जाते, मला ठाऊक आहे.

हिशेब उघडा ठेवावा. वर्गणी किती आली आणि कशावर गेली हे प्रवेशद्वारापाशीच लावावे, चित्रांच्या बरोबरीने. हलगी वाजविणाऱ्यांना, गाणाऱ्यांना मानधन आधी ठरवून द्यावे. शाल आणि नारळ हे मानधन नव्हे. उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या मंडपासाठी न ठेवता वस्तीतील आजारी कलावंताच्या औषधाला लावण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत करावा, कारण शेवटच्या बैठकीत तो होत नाही. स्वयंपाकाचे काय, हेही आधीच ठरवावे. तीन दिवस बायका चुलीपाशी आणि पुरुष व्यासपीठावर असे झाले तर भिंतीवर सावित्रीबाईंचे चित्र कशाला लावावयाचे? किल्ली दोघांकडे असावी, त्यांपैकी एक बाई असावी. शहरातले शाहू स्मारक भवनाचे कलादालन चांगले आहे आणि तेथेही आपली कामे गेली पाहिजेत. परंतु पहिले प्रदर्शन वस्तीतल्या शाळेत किंवा विहारात व्हावे. तेथे रात्री नऊनंतर, कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन लोक येऊ शकतात.

चांभाराची हत्यारे मांडावयाची असतील तर एक गोष्ट विसरू नये. रापी, आरी, ऐरण ही जुनीपुराणी वस्तू नाही, तो त्याचा आजचा धंदा आहे. हत्यारे तीन दिवस काचेमागे ठेवली तर त्याचे तीन दिवस बुडतात. त्यालाच तेथे बसून काम करावयाचे असेल तर जागा, उजेड आणि पाणी द्यावे. लोकांनी बघावे, विचारावे, हवे तर विकत घ्यावे. बसावयाचे नसेल तर तीन दिवसांची मजुरी वर्गणीतून त्याच्या घरी आधी पोचवावी. त्याच्या बायकोने वेण्या घातल्या असतील तर तिची मजुरी वेगळी, तिच्या हातात. आणि हत्यारे चौथ्या दिवशी सकाळी घरी पोचली पाहिजेत, दुपारी नव्हे. चौथ्या दिवशी त्याला सकाळीच कामावर बसायचे असते.